कुतचा वेढा: मराठी शिपाई, घोड्याचे मांस आणि गावाची पंगत

१/ वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सारा मुलूख वऱ्हाड प्रांतात मोडत असे आणि ते वऱ्हाड एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडलेले होते. फौजांचा इतिहास सांगताना लढाया, तह आणि सेनापती यांची नावे येतात. शिपायाने काय खाल्ले, काय नाकारले आणि घराची ओढ त्याला केवढ्याला पडली, हे क्वचितच सांगितले जाते. हा धागा त्याविषयी आहे.

२/ प्रथम गहाणाची गोष्ट. मे १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत इंग्रजांनी निजामाशी तह केला. 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा खर्च निजामाच्या नावे होता आणि त्याची थकबाकी साचली होती. तिच्या वसुलीसाठी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी स्वतःकडे घेतला. मालकी नावापुरती निजामाची राहिली. शेतसारा मात्र आधी फौजेच्या पगाराला जाऊ लागला. या फौजेची एक छावणी बासीमच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, दक्षिणेस हिंगोलीला होती.

३/ १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या सहा पायदळ पलटणी हिंदी सैन्यात सामील झाल्या. त्यांना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. त्यांतील ९६ व्या पलटणीचे नाव 'बेरार इन्फन्ट्री' असे होते. हीच पलटण आज कुमाऊँ रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे आणि तिच्या नावात 'बेरार' हा शब्द अजून टिकून आहे.

४/ म्हणजे रिठदच्या आसपास ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचा फौजेशी संबंध पन्नास वर्षे साऱ्याच्या पावतीतून होता. या व्यवहाराचे दुसरे टोक शिपायाच्या हाती होते. १९१४ साली हिंदी पायदळातील साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्या ११ रुपयांच्या बदल्यात तो काय देत असे, हे पाहायचे तर वऱ्हाड सोडून तैग्रिस नदीच्या काठी, आजच्या इराकमधील कुत या गावी जावे लागते.

५/ कुतच का? कारण पहिल्या महायुद्धात मराठी शिपायांच्या तीन पलटणी तेथे एकाच वेळी अडकल्या होत्या: १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. यांची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरची. मराठ्यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानही त्यांत असत. ज्या फौजेत या पलटणी होत्या तिचे नावच 'सहावी (पुणे) डिव्हिजन' असे होते.

६/ नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात या डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी, फाओ येथे उतरली. त्याच महिन्यात बसरा पडले. तेलवाहिनीचे आणि बंदराचे रक्षण एवढेच मूळ काम होते. पण विजय सोपे मिळत गेले आणि फौज नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेली: जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुत. नोव्हेंबरात ती बगदादपासून जेमतेम वीस-पंचवीस मैलांवर येऊन पोचली.

७/ तेथे, टेसिफॉनच्या अवशेषांजवळ, २२ नोव्हेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला थोपवले. चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसे मारली गेली वा जखमी झाली. जनरल चार्ल्स टाउनशेंडने माघार घेतली आणि ३ डिसेंबरला थकलेली फौज कुतला परतली. ७ डिसेंबरपर्यंत वेढा पुरा झाला. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा मार्गशीर्ष नुकता लागत होता.

८/ कुत हे नदीच्या वळणात वसलेले मातीच्या घरांचे गाव होते. तीन बाजूंनी तैग्रिस आणि चौथ्या बाजूला शत्रू. आत सुमारे दहा हजार सैनिक, साडेतीन हजार अनुयायी आणि गावचे सुमारे सहा हजार रहिवासी. अनुयायी म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, सफाई कामगार. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. गोळ्या मात्र त्यांनाही लागत होत्या.

९/ शिपायाचा दिवस पहाटे, अंधारातच सुरू होई. हल्ल्याची वेळ तीच, म्हणून सर्वांनी हत्यार घेऊन खंदकात उभे राहायचे. उजाडल्यावर डोके वर काढायची सोय नसे. पलीकडे नेमबाज टपलेले असत. दिवसा झोप, बंदुकीची सफाई, अंगावरच्या उवा वेचणे. रात्री कुदळ आणि फावडे. खंदक खणणे, खचलेला भाग पुन्हा उभारणे, तारा ठोकणे. शेतकऱ्याच्या पोराला कुदळ नवी नव्हती. मेलेल्या माणसांच्या शेजारी ती चालवणे नवे होते.

१०/ पाणी समोर वाहत होते, तरी ते आणणे हे जिवावरचे काम होते. पलीकडच्या काठावरून नदीच्या उतारावर गोळ्यांचा वर्षाव होई आणि पखाल भरायला गेलेला भिस्ती परत येईलच असे नसे. सरपणाचाही तोटा होता. तो मुलूखच झाडांविना. तेव्हा घरांची दारे, तुळया, फळ्या मोडून चुली पेटवाव्या लागत.

११/ २४ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी ईशान्य टोकाच्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला केला. भिंतीला भगदाड पडले आणि हातघाईची लढाई झाली. किल्ल्याच्या बचावात १०३ वी मराठा पलटणही होती. हल्ला परतवला गेला. यानंतर तुर्कांनी कुत लढून घेण्याचा नाद सोडला आणि उपासमारीवर भरवसा ठेवला. येथून पुढे वेढ्याचा इतिहास हा मुख्यतः धान्याचा इतिहास आहे.

१२/ बाहेरून सुटकेचे प्रयत्न चालू होते. जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना, मार्चमध्ये दुजैला, एप्रिलमध्ये सन्नय्यात. या लढायांत सुटकेसाठी आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली. कुतमधील शिपायांना त्या तोफांचा आवाज ऐकू येई. आवाज जवळ आला की आशा वाढे, दूर गेला की पदरचे धान्य पुन्हा मोजले जाई.

१३/ जानेवारीत पाऊस आणि नदीचा पूर यांनी खंदक भरून गेले. दोन्ही बाजूंना पुढच्या रांगा सोडाव्या लागल्या. गुडघाभर गार चिखलात, ओल्या कपड्यांत रात्र काढणे हा तेव्हाचा नित्यक्रम होता. सैन्याच्या रुग्णालयासाठी बाजारातली दुकाने घेतली होती; तीही भरली.

१४/ जानेवारीच्या अखेरीस जनावरे कापायला आरंभ झाला. बैल, घोडे, खेचरे. तोफा ओढणारे बैल कापले जात असताना ते पाहणाऱ्यांत असे शिपाई होते, ज्यांच्या घरी पोळ्याला बैलांची पूजा होत असे. त्यांनी मांस घेतले नाही. पीठ, डाळ, तूप आणि गूळ मिळत होते तोवर हे निभावले. पुढे तूप आणि डाळ संपत आली, पीठही जवाचे झाले आणि त्याचे माप दर पंधरवड्याला उतरू लागले.

१५/ आता पेच असा होता. ब्रिटिश सैनिक घोड्याचे मांस खात होते. हिंदी शिपायांपैकी बहुतेक जण नाकारत होते, हिंदू आणि मुसलमान दोघेही. टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती मागवली. आणीबाणीत असे अन्न घेण्यास हरकत नाही, असे उत्तर आले. ते पलटणींना वाचून दाखवले गेले. तरीही बहुतेकांनी मांसाला हात लावला नाही.

१६/ इंग्रज अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटले, धर्मवेड म्हटले. पण शिपायांनी स्वतः दिलेले कारण त्याच अधिकाऱ्यांच्या लेखनात नोंदलेले आहे आणि ते निराळे आहे. घरी परतल्यावर गाव आपल्याला वाळीत टाकील, आपल्या मुलींची लग्ने होणार नाहीत, असे ते सांगत. धर्माधिकाऱ्याची तार देवाची समजूत घालू शकत होती. गावच्या पंचांची आणि सोयऱ्यांची नाही.

१७/ गावगाड्याची रीत ठाऊक असलेल्याला हे लगेच उमजेल. वाळीत टाकलेल्या घराला पंगतीत पान मांडले जात नसे, पाणवठ्यावर बाया बोलत नसत, मयताला खांदेकरी मिळत नसत. शिक्षा एकट्याला नसून सगळ्या घराला असे आणि तिला मुदत नसे. शिवाय पलटणीत भरती एकेका टापूतून, भाऊबंद आणि गाववाले मिळून होत असे. म्हणजे शेजारी बसून जेवणारा सोबतीच उद्याचा साक्षीदार होता.

१८/ घराची ओढ म्हटली की पत्रे, आठवणी, डोळ्यांतले पाणी एवढेच सहसा मनात येते. कुतमध्ये ती जेवणाच्या वेळेला दिवसातून दोनदा प्रत्यक्ष निर्णय मागत होती. खाल्ले तर जगण्याचा संभव अधिक, पण परतायला घर उरेल याची खात्री नाही. न खाल्ले तर घर शाबूत, पण तेथवर पोचण्याची खात्री नाही. घरी परत जाता यावे म्हणूनच शिपाई उपाशी राहत होता.

१९/ याचा परिणाम शरीरावर कसा झाला, हे वैद्यकाच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. वेढ्यात ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदी शिपायांना तो जवळजवळ झाला नाही. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, ब्रिटिशांना फारसा झाला नाही. एकाच गावात, एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन जमावांना दोन निरनिराळे आजार.

२०/ कारण ताटात होते. ब्रिटिशांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे; कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व त्यात नसे. शिपायांच्या आट्यात कोंडा होता, म्हणून ते बेरीबेरीपासून वाचले. क जीवनसत्त्व ताज्या भाजीत असते आणि थोडेसे ताज्या मांसातही असते. भाजी कोणालाच नव्हती, मांस ब्रिटिश खात होते. 'व्हिटॅमिन' हा शब्दच १९१२ सालचा; वेढ्यातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे एक नवे शास्त्र सिद्ध होत होते.

२१/ स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात, सांधे धरतात, अंगात पहाऱ्याला उभे राहण्याचे त्राण उरत नाही. भाजीच्या शोधात शिपाई खंदकांभोवतीचे गवत आणि रानपाला खुडून शिजवू लागले. काही पाला विषारी निघाला आणि त्याने माणसे दगावली. विमानातून भाजीचे बी मागवून पेरणीही करण्यात आली. तंबाखू संपल्यावर चहाची वापरलेली पाने वाळवून ओढली जात. भूक मारण्यासाठी अफूच्या गोळ्या दिल्या जात.

२२/ याच काळात तुर्की खंदकांतून हिंदुस्थानी भाषांत छापलेली पत्रके येत. आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मारा आणि आमच्याकडे या, पोटभर जेवू घालू, असा त्यांचा आशय असे. काही शिपाई गेले. फार मोठ्या संख्येने राहिले. हे राहणे केवळ साहेबावरच्या निष्ठेचे होते असे मानण्याचे कारण नाही. पलटणीची अब्रू, सोबत्यांची लाज आणि पळून गेलेल्याच्या घरी काय तोंड दाखवणार, हेही त्यात होते.

२३/ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुढीपाडवा झाला. त्या सुमारास परिस्थिती हाताबाहेर गेली होती. टाउनशेंडने अनुमतीची भाषा सोडून कडक हुकमाची आणि बढत्या रोखण्याची भाषा सुरू केली. तेव्हा हजारो हिंदी शिपाई घोड्याचे मांस खाऊ लागले. एकट्याने चोरून खाल्ले तर तो दोष. सर्वांनी मिळून, हुकमाखाली खाल्ले तर तो आपद्धर्म. असे झाल्यावर गावाला सांगायला काही उत्तर उरत होते. पण अनेकांसाठी हा निर्णय उशिरा आला.

२४/ १५ एप्रिलपासून विमानांतून पिठाची पोती टाकण्यास सुरुवात झाली. वेढ्यात सापडलेल्या फौजेला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याचा हा जगातील पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. विमाने लहान, पोती थोडी. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती गेली. २४ एप्रिलच्या रात्री 'जुल्नार' ही आगबोट २७० टन अन्न घेऊन नदीतून निघाली. ती वाटेतच पकडली गेली. शेवटी शिपायाला दिवसाचे चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमहूनही कमी, पीठ मिळत होते. तेवढ्यात एक धड भाकरी होते.

२५/ २९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती पत्करली. चैत्र अजून संपला नव्हता. वेढा १४७ दिवस चालला, असे इतिहासात मोजले जाते. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांत सुमारे सात हजार हिंदी शिपाई आणि तीन हजारांहून अधिक अनुयायी होते. अगदी आजारी अशा सुमारे ११०० जणांची अदलाबदल होऊन ते बसऱ्याला आणि पुढे मायदेशी जाऊ शकले. बाकीच्यांची वाट उलट्या दिशेने होती.

२६/ अधिकाऱ्यांना आणि शिपायांना वेगळे करण्यात आले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्याला 'सर' केले. शिपाई बगदाद, समारा, मोसुल असे उन्हातून चालत गेले. वाटेत पडलेला बहुधा तेथेच राही. पुढे अनेक हिंदी कैदी रास अल-ऐन येथे पोचले आणि जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. ब्रिटिश साध्या सैनिकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे या बंदिवासात मेली; हिंदी कैद्यांचे मृत्यूही हजारांत आहेत.

२७/ या बंदिवासाचे हिंदी बाजूने लिहिलेले जे वृत्तान्त उपलब्ध आहेत, त्यांत बंगाली लेखन प्रमुख आहे. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे डॉक्टर कुतमध्ये होते. १९१७ मध्ये बंदिवासातच त्यांचा अंत झाला. त्यांची घरी आलेली पत्रे त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, १९२८ मध्ये 'कल्याण-प्रदीप' या पुस्तकात छापली. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीची पाने बुटात लपवून वाचवली. त्यांचे 'अभि ले बगदाद' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२८/ मराठी शिपायाची स्थिती वेगळी होती. बहुतेकांना लिहिता येत नसे. पत्र पलटणीतला कोणी लिहिता येणारा लिहून देई आणि गावात शाळामास्तर किंवा टपालवाला ते वाचून दाखवी. म्हणजे बायकोला सांगायची गोष्ट आधी एका सोबत्याला आणि मग चावडीवरच्या लोकांना ऐकू जाई. मधे लष्कराचा सेन्सॉर होताच. अशा पत्रात खुशाली, पैसे, शेत, बैल आणि मुलांची विचारपूस एवढेच मावत असे. वेढा पडल्यावर तेही थांबले.

२९/ घरी काय कळत होते? मनिऑर्डर येईनाशी झाली की काहीतरी बिनसले आहे हे समजे. त्यानंतर 'बेपत्ता' किंवा 'युद्धकैदी' असा सरकारी कागद. बेपत्ता माणसाच्या बायकोने कुंकू लावावे की पुसावे, याचे उत्तर त्या कागदात नसे. ३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोस तहानंतर कैदी सुटू लागले, तेव्हा काही घरांत अडीच-तीन वर्षांनी माणूस उभा राहिला. काही घरे त्यानंतरही वाट पाहत राहिली.

३०/ शासनाने चौकशी केली. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाने या मोहिमेच्या व्यवस्थेवर, विशेषतः औषधोपचारावर, कठोर ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ११७ व्या मराठा पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, ११० आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. पलटणी टिकल्या, त्यांचा इतिहास नीट जपला गेला.

३१/ माणसांचे काय झाले, ते दोन प्रकारच्या दगडांवर दिसते. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचे थडगे सापडत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची स्मृती जपली आहे. तेथे गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला, बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नेले गेले.

३२/ दुसरा दगड आपल्याकडचा. सातारा आणि रत्नागिरी भागांतील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. बहुतेक पाट्यांवर नाव नसते, आकडाच असतो. बसऱ्याच्या दगडाला नावे ठाऊक नव्हती असे म्हणता येईल. गावाला तर प्रत्येक नाव ठाऊक होते.

३३/ कुतच्या शिपायाने ज्या गावासाठी भूक सोसली, त्या गावाने त्याला परत पंगतीत घेतलेही असेल. युद्धानंतर समुद्रपार गेलेल्यांविषयीचे नियम सैल होत गेले, कारण परतणाऱ्यांची संख्याच मोठी होती. सगळ्यांनाच वाळीत टाकणारे गाव स्वतःच ओस पडले असते. पण ही सवलत मिळेल हे मार्च १९१६ मध्ये खंदकात बसलेल्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याने आपल्या ओळखीच्या गावाचाच विचार केला.

३४/ म्हणून कुतच्या शिपायाला अडाणी किंवा धर्मभोळा म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे तीन हिशेब होते: सरकारचा ११ रुपयांचा, डॉक्टरचा मांस आणि पिठाचा, आणि गावाचा पंगतीतल्या पानाचा. पहिला त्याने पाळला, म्हणून तो खंदकात होता. तिसरा त्याने दुसऱ्याहून मोठा मानला, कारण परतायचे होते ते गावातच. त्या हिशेबाची किंमत त्याने स्वतःच्या शरीराने चुकवली.

३५/ वऱ्हाडचा कुणबी फौजेसाठी सारा भरत होता, कोकणचा आणि देशावरचा कुणबी फौजेत माणूस पाठवत होता. साऱ्याची पै न् पै दप्तरात लिहिलेली सापडते. माणसाच्या नावाची जागा मात्र बसऱ्याच्या दगडावर रिकामी आहे. ज्या घरांत आजोबा-पणजोबांचे लष्करी पदक, पेन्शनचा कागद किंवा 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' एवढी एक ओळ अजून शिल्लक आहे, त्या घरांनी ते नाव आता लिहून ठेवावे. पाटीवरचा आकडा त्या नावाची जागा भरून काढू शकत नाही.

(धागा समाप्त)